शब्दांचे भांडारी : डॉ. पीटर मार्क रोजे

गणपतीला नावे किती? आरतीला उभ्या असलेल्या लहान मुलाला विचारले तरी चार-पाच नावे तो सहज सांगेल. अमरकोशात अमरसिंहाने आठ दिली आहेत. गजानन, लंबोदर, हेरंब, एकदंत, विनायक, विघ्नराज, गणाधिप आणि द्वैमातुर. देव एकच, पण नावे अदलाबदल करून चालत नाहीत. घराची पायाभरणी करताना आपण विघ्नराजाला हात जोडतो, मोदकांचे ताट पुढे ठेवताना लंबोदर आठवतो. एकाच गोष्टीचे अनेक शब्द असतात आणि त्या प्रत्येक शब्दाची स्वतःची एक वेळ असते, हे आपल्याला देवघरातच शिकायला मिळते.

इंग्रजी भाषेपुरता हाच विचार एका माणसाने आयुष्यभर केला. तो भाषापंडित नव्हता, शाळामास्तरही नव्हता. व्यवसायाने तो डॉक्टर होता. पीटर मार्क रोजे हे त्याचे नाव. आपल्याकडे पुष्कळजण स्पेलिंगवरून 'रॉजेट' म्हणतात, पण घराणे मूळचे जिनिव्हाकडचे, म्हणून उच्चार फ्रेंच वळणाचा, 'रोजे' असा होतो. 'रोजेचा थिसॉरस' हा ग्रंथ इंग्रजी शिकणाऱ्याने पाहिला नसला तरी ऐकलेला असतोच. बँकेच्या, कर्मचारी निवड आयोगाच्या परीक्षांना बसणारी आपली मुले समानार्थी आणि विरुद्धार्थी इंग्रजी शब्दांच्या याद्या पाठ करतात, त्या वाटेवरचे हे फार मोठे नाव. त्यामागचा माणूस मात्र फारसा कुणाला ठाऊक नसतो.

लहानपण

रोजे यांचा जन्म 18 जानेवारी 1779 रोजी लंडनमध्ये सोहो भागात झाला. वडील जाँ रोजे हे तिथल्या फ्रेंच प्रॉटेस्टंट चर्चचे धर्मगुरू. आई कॅथरीन ही रोमिली घराण्यातली. पीटर चार वर्षांचा असताना, 1783 मध्ये, वडील क्षयाने गेले. त्याच वर्षी धाकटी बहीण जन्मली होती. तरुण विधवा आई, दोन लहान मुले आणि स्थिर नसलेले घर अशी परिस्थिती. आईचा जीव मुलात गुंतलेला होता, पण तिचा स्वभाव चिंतेचा, आणि उतारवयात तर तिची मनःस्थिती पारच ढासळली. आधार होता तो मामाचा. सर सॅम्युअल रोमिली हे पुढे इंग्लंडमधले नामांकित कायदेपंडित झाले. किरकोळ चोरीलाही फाशी देणारे कायदे बदलावेत म्हणून पार्लमेंटात झगडणारे म्हणून त्यांचे नाव आजही घेतले जाते. पीटरला त्यांनी वडिलांची उणीव भासू दिली नाही.

या मुलाला एक छंद होता. तो याद्या करी. त्याच्या लहानपणीच्या वहीत लॅटिन शब्द आणि त्यांचे इंग्रजी अर्थ विषयवार लावलेले सापडतात. खेळायच्या वयात हा मुलगा शब्दांचे गट पाडत बसे. घरातले काहीच आपल्या हाती नसताना वहीतली जागा तरी आपल्या मनासारखी लावता येते, असे त्या मुलाला वाटत असेल का? हे कुणी सांगू शकत नाही, पण पुढचे आयुष्य पाहिले की तसे वाटून जाते.

डॉक्टरकी आणि एक सुटका

1793 मध्ये आई मुलांना घेऊन एडिंबरोला गेली. चौदाव्या वर्षी पीटर तिथल्या विद्यापीठात दाखल झाला आणि 1798 मध्ये, एकोणिसाव्या वर्षी, एम. डी. होऊन बाहेर पडला. इतक्या लहान डॉक्टरकडे रोगी कोण येणार? म्हणून काही काळ ब्रिस्टलजवळ डॉ. बेडोज यांच्या संस्थेत काढला. वायूंचा औषध म्हणून उपयोग होईल का, याचे प्रयोग तिथे चालत, आणि पुढे मोठे रसायनशास्त्रज्ञ झालेले हम्फ्री डेव्ही तिथेच काम करीत होते.

1802 मध्ये त्यांना वेगळेच काम मिळाले. मँचेस्टरच्या एका गिरणीमालकाच्या दोन मुलांना युरोप दाखवून आणायचे. पॅरिस पाहून मंडळी जिनिव्हाला पोहोचली आणि मे 1803 मध्ये इंग्लंड-फ्रान्स युद्ध पुन्हा पेटले. जिनिव्हा तेव्हा फ्रान्सच्या ताब्यात. नेपोलियनचा हुकूम सुटला की हाती सापडेल त्या इंग्रज पुरुषाला अडकवून ठेवा. रोजे यांचे वय चोवीस, आणि सोबत दुसऱ्यांची दोन मुले. त्यांनी वडिलांच्या जन्माचा आधार घेतला, आपण मूळचे जिनिव्हाचेच असे कागदोपत्री सिद्ध केले, आणि साध्या कपड्यांत, इंग्रजी बोलणे टाळत, मुलांना सीमेपलीकडे जर्मनीत नेले. त्यांच्या ओळखीचे एक इंग्रज गृहस्थ त्याच वेळी पकडले गेले, ते 1814 पर्यंत सुटले नाहीत. कागदावर काय लिहिले आहे आणि तोंडून कोणता शब्द बाहेर पडतो, यावर माणसाची दहा वर्षे अवलंबून असू शकतात, हे रोजे यांनी असे प्रत्यक्ष पाहिले.

1805 ची वही

इंग्लंडला परतल्यावर 1804 मध्ये मँचेस्टरच्या रुग्णालयात त्यांची नेमणूक झाली. दिवसभर रोगी, संध्याकाळी शरीरशास्त्राची व्याख्याने. व्याख्यान द्यायचे म्हणजे नेमके बोलावे लागते, आणि नेमका शब्द नेमका वेळेवर आठवत नाही. हा अनुभव आपल्यालाही आहे. ओठावर असतो, पण येत नाही. यावर इलाज म्हणून 1805 मध्ये त्यांनी स्वतःच्या उपयोगासाठी एक छोटी शब्दसूची तयार केली. तिच्यात शब्द अकारविल्हे लावलेले नव्हते, अर्थाप्रमाणे गटांत बसवलेले होते. लिहिताना अडले की वही उघडायची. ती छापावी असे काही त्यांच्या मनात नव्हते. वही कपाटात राहिली, आणि राहिली ती जवळजवळ पन्नास वर्षे.

मधली चाळीस वर्षे

1808 मध्ये रोजे लंडनला आले आणि तिथलेच झाले. या काळात त्यांनी जे केले त्याची नुसती यादी द्यायची तर अर्धी स्मरणिका भरेल. आम्हा डिप्लोमावाल्यांना जवळचे वाटावे असे काम आधी सांगतो. कॅल्क्युलेटर येण्यापूर्वी इंजिनिअर मंडळींच्या खिशात स्लाइड रूल नावाची सरकपट्टी असे. तिच्यावर कोणत्याही संख्येचे घात आणि मुळे काढता यावीत म्हणून लागणारी 'लॉग-लॉग' मोजपट्टी रोजे यांनी शोधली. त्यावरचा निबंध रॉयल सोसायटीपुढे आला आणि 1815 मध्ये ते त्या संस्थेचे फेलो झाले.

1824 च्या डिसेंबरात त्यांनी आणखी एक निबंध वाचला. उभ्या फटींच्या कुंपणाआडून जाणाऱ्या गाडीच्या चाकाचे आरे वाकलेले का दिसतात, असा त्याचा विषय होता. डोळ्यांवर उमटलेली प्रतिमा क्षणभर टिकते, या विषयाचा अभ्यास त्यामुळे पुढे सरकला, आणि सिनेमाच्या पूर्वेतिहासात म्हणून रोजे यांचे नाव येते. लंडनच्या पिण्याच्या पाण्याची तपासणी करायला सरकारने तीन जणांचे मंडळ नेमले, त्यात प्रसिद्ध इंजिनिअर थॉमस टेलफर्ड यांच्या बरोबरीने रोजे होते. त्यांचा अहवाल 1828 मध्ये आला. 1834 मध्ये रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये शरीरक्रियाशास्त्राचे पहिले फुलेरियन प्राध्यापक ते झाले, आणि त्याच वर्षी प्राणी व वनस्पती यांच्या शरीरक्रियांवर त्यांचा दोन खंडी ग्रंथ निघाला. एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकासाठी त्यांनी लेख लिहिले. बुद्धिबळाचे त्यांना वेड होते, खिशात मावेल असा पटही त्यांनी तयार केला होता.

बाहेरून पाहणाऱ्याला हे यशाने भरलेले आयुष्य दिसेल. आतून तसे नव्हते. 1818 च्या ऑक्टोबर अखेरीस मामी वारली. मामा सर सॅम्युअल रोमिली दुःखाने पार खचले. भाचा डॉक्टर म्हणून जवळच होता. तरीही 2 नोव्हेंबर 1818 रोजी मामांनी स्वतःचा जीव घेतला, आणि ज्यांनी बापाची माया दिली त्यांना रोजे वाचवू शकले नाहीत. पुढे 1824 मध्ये मेरी हॉब्सन यांच्याशी त्यांचे लग्न झाले, एक मुलगी आणि एक मुलगा झाला. संसाराला नऊ वर्षे होतात न होतात तोच 1833 मध्ये मेरी कर्करोगाने गेली. पुढच्याच वर्षी तो दोन खंडी ग्रंथ छापून निघाला आहे. अशी माणसे दुःखाबद्दल बोलत नाहीत, टेबलाशी जाऊन बसतात.

सत्तराव्या वर्षी नवे काम

1827 पासून रोजे रॉयल सोसायटीचे सचिव होते. संस्थेचे सचिवपद म्हणजे काय असते, हे आपल्या मंडळाच्या कार्यकारिणीवर कधी काम केलेल्यांना वेगळे सांगायला नको. वीस वर्षांच्या कारभारानंतर सोसायटीत वाद माजले, निर्णयांवर टीका झाली, आणि 1848 मध्ये त्यांनी पद सोडले. वय एकोणसत्तर पुरे. त्या काळच्या हिशेबाने माणसाने आता शांतपणे आरामखुर्चीत बसावे.

रोजे यांनी कपाटातली 1805 ची वही बाहेर काढली.

त्यानंतरची तीन-चार वर्षे ते सतत त्याच कामात होते. मे 1852 मध्ये लंडनच्या लाँगमन प्रकाशनाने ग्रंथ बाजारात आणला तेव्हा लेखकाचे वय 73 होते. 'थिसॉरस' म्हणजे खजिना, भांडार. तेव्हापासून त्या शब्दाचा अर्थच समानार्थी शब्दांचा कोश असा होऊन बसला.

भांडाराची रचना

समानार्थी शब्दांची पुस्तके त्यापूर्वी इंग्रजीत नव्हती असे नाही. 1816 मध्ये जॉर्ज क्रॅब यांचा मोठा कोश निघाला होता, आणि त्यात जवळच्या शब्दांतला फरक समजावून दिलेला होता. रोजे यांनी वाट बदलली. नेहमीच्या कोशात आपल्याला शब्द माहीत असतो, अर्थ शोधायचा असतो. रोजे यांनी हे उलटे केले. मनात अर्थ आहे, शब्द हवा आहे, अशा माणसासाठी त्यांनी भांडार मांडले.

जीवशास्त्रात प्राणी-वनस्पतींची वर्गवारी करतात तशी त्यांनी माणसाच्या मनातल्या सगळ्या कल्पनांची केली. सहा मोठे वर्ग पाडले. अमूर्त संबंध, अवकाश, जडद्रव्य, बुद्धी, इच्छाशक्ती आणि भावना. त्यांच्या पोटात विभाग, आणि शेवटी 1000 क्रमांकित कल्पना. पहिली कल्पना 'अस्तित्व' आणि हजारावी 'मंदिर'. हा क्रम सहज पडला असेल किंवा ठरवून, आपल्या मनाला तो भावतो.

खरी गंमत पानावर आहे. डाव्या बाजूला एक कल्पना आणि तिचे शब्द, उजव्या बाजूला तिच्या विरुद्ध कल्पना आणि तिचे शब्द. अस्तित्वासमोर अभाव, क्रमासमोर गोंधळ. विरुद्धार्थी शब्दाला आज 'अँटोनिम' म्हणतात, पण तो शब्द इंग्रजीत आला 1867 मध्ये, म्हणजे रोजे यांच्या ग्रंथानंतर पंधरा वर्षांनी. नाव मिळण्याआधीच त्यांनी त्याची पाने मांडून ठेवली होती.

विरुद्धार्थी म्हणजे एकास एक, असे आपण शाळेत शिकतो. त्यांच्या मांडणीत ते तितके सोपे राहत नाही. काही ठिकाणी दोन टोकांच्या मध्ये तिसरी पायरी असते, जसे आरंभ, मध्य आणि शेवट. काही ठिकाणी एका गोष्टीला दोन बाजूंनी विरोध असतो. धैर्याच्या उलट भित्रेपणा हे खरे, पण त्याच रांगेत पुढे अविचारी धाडसही येऊन बसते. उधळपट्टीच्या एका अंगाला काटकसर आहे आणि दुसऱ्या अंगाला कंजूषपणा. इंग्रजीतला 'ओल्ड' घ्या. वस्तूबद्दल बोलत असाल तर त्याच्या उलट 'न्यू', माणसाबद्दल बोलत असाल तर 'यंग'. मराठीत ही अडचणच येत नाही, कारण आपण वस्तूला जुनी म्हणतो आणि माणसाला म्हातारा. मराठी घरातल्या मुलाने आपल्या भाषेच्या अंगाने इंग्रजी शब्दाकडे पाहिले तर असे बारकावे त्याला लवकर दिसतात. मातृभाषा इंग्रजीच्या आड येते असे मानणाऱ्या पालकांनी हे उदाहरण जरूर लक्षात घ्यावे.

अमरकोशाची गाठ

रोजे यांच्या प्रस्तावनेत आपल्याला अभिमान वाटावा अशी एक टीप आहे. त्यांचे काम होत आल्यावर त्यांना समजले की भारतात असा एक ग्रंथ फार पूर्वीच झालेला आहे. तो म्हणजे अमरकोश. हेन्री कोलब्रुक यांनी इंग्रजी भाषांतरासह तो 1808 मध्ये श्रीरामपूरला छापला होता. त्यातली विषयांची लावणी रोजे यांना फारशी पसंत पडली नाही, हेही खरे. पण शब्द विषयवार लावण्याची कल्पना कितीतरी शतके आधी कुणाला सुचली होती, याची नोंद त्यांनी प्रामाणिकपणे केली.

आपल्या पणजोबांच्या पिढीत अमरकोश पाठ करून घेत. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने रघुनाथ पंडितांनी केलेला राज्यव्यवहारकोशही त्याच धाटणीचा, विषयवार वर्गांत लावलेला आणि पद्यात रचलेला आहे. आणि आम्हा बडोदेकरांना तर दूर जायलाही नको. सयाजीराव महाराजांच्या राज्यात 1931 मध्ये 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु' निघाला. कारभारातल्या एकेका इंग्रजी शब्दासमोर गुजराती, मराठी, संस्कृत, हिंदी आदी भाषांतले प्रतिशब्द त्यात मांडले आहेत. राज्य चालवायचे तर नेमका शब्द हवा, हे या दोन्ही राजांना कळलेले होते.

रोजे यांनी न केलेली गोष्ट

थिसॉरस वापरणाऱ्याने एक गोष्ट विसरू नये. रोजे यांनी त्यात शब्दांचे अर्थ दिलेले नाहीत. जवळजवळच्या शब्दांतला फरकही समजावलेला नाही. वाचकाला शब्द ओळखीचे आहेत, फक्त आयत्या वेळी आठवत नाहीत, असे त्यांनी गृहीत धरले होते. भांडारात नेऊन सोडणे एवढेच त्यांनी केले. उचलायचे काय, हे ज्याचे त्याने ठरवायचे.

आज नेमके उलट होते. मुले बाजारातली याद्यांची पुस्तके आणतात, एका शब्दापुढे सहा शब्द पाठ करतात आणि सहाही सारखेच समजतात. परीक्षेत एखादा गुण मिळतोही. नोकरीला लागल्यावर मात्र अडते. सरकारी कचेरीत मी रोज मसुदे पाहतो. अर्ज 'रिजेक्ट' केला म्हणजे तपासून नामंजूर केला. 'रिटर्न' केला म्हणजे त्रुटी पूर्ण करून पुन्हा आणा. यादीत हे दोन शब्द जवळजवळ बसतील, पण ज्याचा अर्ज आहे त्याच्या घरी या एका शब्दाने सणाचा रंग बदलतो. 'रिक्वेस्ट' आणि 'डिमांड' यांचेही तसेच. पहिल्याने वरिष्ठ ऐकतात, दुसऱ्याने खुलासा मागतात. 'थ्रिफ्टी' म्हटले तर काटकसरी सासूबाई खूश होतील, 'स्टिंजी' म्हटले तर चिक्कू म्हटल्याचा राग येईल.

म्हणून घरातल्या मुलांना एवढेच सांगावेसे वाटते. नवा शब्द एकटा घेऊ नका, त्याची भावंडे आणि त्याचा विरोधकही सोबत घ्या. वहीचे पान मधोमध दुमडा, डावीकडे एक बाजू, उजवीकडे दुसरी. प्रत्येक शब्दाचे स्वतःच्या अनुभवातले एक वाक्य लिहा, आणि त्याच वाक्यात शेजारचा शब्द बसतो का ते पाहा. बसला नाही तर का बसला नाही, हे घरी मराठीत बोला. दिवसाला पाच शब्द पुरेत. रोजे यांची पहिली वहीही छोटीच होती.

अखेर

ग्रंथ निघाल्यावर रोजे आणखी सतरा वर्षे जगले. त्यांच्या हयातीत तो पंचवीसहून अधिक वेळा छापावा लागला. तरी त्यांच्या दृष्टीने काम संपले नव्हते. शेवटच्या वर्षांतही ते आपल्या प्रतीच्या समासात नवे शब्द टिपून ठेवत होते. 12 सप्टेंबर 1869 रोजी वेस्ट माल्व्हर्न या गावी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, त्यांनी देह ठेवला. समासातली ती टिपणे मुलगा जॉन लुईस याने सांभाळली आणि सूची पुष्कळ वाढवून 1879 मध्ये नवी आवृत्ती काढली. मुलानंतर नातू सॅम्युअल रोमिली रोजे याने काम हाती घेतले. ज्या मामाला वाचवता आले नाही, त्याचे नाव असे नातवाच्या रूपाने ग्रंथाच्या पहिल्या पानावर आले. तीन पिढ्यांनी मिळून एक भांडार राखले.

परमुलखात चार-पाच पिढ्या मराठी टिकवून राहिलेल्या आपल्यासारख्या कुटुंबांना या राखण्याची किंमत वेगळी सांगायला नको. बाहेर गुजराती, शाळेत इंग्रजी, घरात मराठी अशी तीन भांडारे आपल्या मुलांच्या हाताशी आहेत. ती नीट लावून ठेवण्याची बुद्धी विद्येची देवता श्रीगजानन सर्वांना देवो, ही प्रार्थना.

गणपती बाप्पा मोरया!